गोव्यातील पंचायतींना खुले पत्र: सड्यावरचा दिवा अकरानंतर मालवा

गोव्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंचसदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या नवरात्रात आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, उंच खांबाचा हायमास्ट दिवा लागला आणि त्याच रात्री आमच्या नोंदवहीत एक जागा रिकामी राहिली. नोंदवही शाळकरी मुलांची आहे. दिवा ग्रामसभेतल्या मागणीवरून आला आहे. आणि जिची नोंद राहून गेली ती बीएल लॅसर्टी नावाची वस्तू आपल्यापासून सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ आपण द्यावा ही विनंती.

गावाचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी दिवा मागितला त्यांत माझे शेजारी आहेत, मी शिकवलेली मुले आहेत आणि त्यांनी तो गावाच्या भल्यासाठीच मागितला. शिवाय आज आमच्या सड्यावर आहे तसा दिवा उद्या तुमच्याही मैदानावर येईल, म्हणून पत्र सगळ्यांना.

मी सत्तरी तालुक्यातला निवृत्त विज्ञानशिक्षक. नोकरीत असताना तारे दाखवायचे राहूनच गेले. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, असेच चालले. निवृत्तीच्या पैशातून आठ इंची दुर्बीण घेतली. आता पाऊस ओसरला की हायस्कूलची पाच-सहा मुले माझ्यासोबत सड्यावर येतात. चंद्रावरची विवरे आणि शनीची कडी पाहून झाल्यावर मुलांनी विचारले, "सर, आपण काही उपयोगाचे बघू शकतो का?" त्या प्रश्नामुळे आम्ही बीएल लॅसर्टीकडे वळलो.

शर्मिष्ठा आणि हंस यांच्या मध्ये सरठ नावाचे फिकट तारकांचे एक लहानसे मंडळ आहे. सरठ म्हणजे सरडा. १९२९ साली कुनो हॉफमाइस्टर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला त्या मंडळात एक ठिपका सापडला. त्याचे तेज कमीजास्त होत होते, म्हणून त्याची नोंद रूपविकारी तारा अशी झाली आणि ताऱ्यांना नावे देण्याच्या रिवाजाप्रमाणे तो बीएल लॅसर्टी झाला. पुढे चाळीसेक वर्षे सगळे त्याला ताराच समजत होते. १९६८ मध्ये जॉन श्मिट यांनी दाखवून दिले की त्याच जागेवरून जोरदार रेडिओलहरीही येत आहेत. साधा तारा असे करत नाही. १९७४ मध्ये ओक आणि गन यांनी त्याच्या भोवतीच्या अंधुक उजेडाचा वर्णपट घेतला, तेव्हा अंतर कळले. तो आपल्या आकाशगंगेतला नव्हताच. ती एक दूरची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा महासमूह, होती आणि तिचे केंद्र इतके झगझगीत होते की दीर्घिका स्वतःच त्या उजेडात झाकली गेली होती.

आज त्याचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता. काणकोणात पाळोळेच्या किनाऱ्यावरचा खडक मात्र होता, कारण त्याचे वय २०० कोटी वर्षांहून जास्त आहे. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती आधी खडकाच्याच वयावर थांबतात. मलाही ते आवडते. दूरचे काही समजून घ्यायचे तर एक पाय आपल्या जमिनीवर असावा लागतो.

अशा दीर्घिकेच्या केंद्रात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू चकतीसारखा फिरत तापतो. त्यातले काही द्रव्य आत न पडता दोन्ही ध्रुवांकडून बाहेर फेकले जाते. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा हा झोत हजारो प्रकाशवर्षे लांब जाऊ शकतो. असे झोत अनेक दीर्घिकांना असतात. बीएल लॅसर्टीचे वेगळेपण एवढेच की तिचा झोत जवळपास नेमका आपल्या दिशेने रोखलेला आहे. जत्रेतले दशावतारी नाटक संपवून मध्यरात्री शेताच्या मेरेवरून, बांधावरून परतणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरी असते. ती जमिनीकडे असेपर्यंत शेतापलीकडून आपल्याला जेमतेम एक ठिपका दिसतो, पण त्याने ती आपल्याकडे वळवली की डोळे दिपतात. झोताच्या प्रचंड वेगामुळे तेज आणखी अनेक पटींनी वाढते आणि त्यातले बदल आपल्याला आक्रसलेल्या काळात दिसतात. तिकडे दिवसांत घडलेले इकडे काही तासांत घडल्यासारखे वाटते. अशा दीर्घिकांना १९७८ पासून ब्लेझार म्हणतात. बीएल लॅसर्टी आणि क्वेसार (झगझगीत केंद्राच्या दूरच्या दीर्घिका) ही दोन नावे जोडून एडवर्ड स्पीगल यांनी तो शब्द घडवला.

ब्लेझार भडकतात. कधी महिनोन्महिने शांत असतात आणि एका रात्रीत दुप्पट होतात. २००६ च्या जुलैत दक्षिण मत्स्य मंडळातल्या एका ब्लेझारचा गॅमा किरणांतला उजेड मिनिटांच्या हिशेबाने वरखाली होताना नामिबियातल्या दुर्बिणींनी पाहिला. जवळपास सूर्यमालेएवढ्या कृष्णविवराच्या परिसरातून मिनिटांत बदलणारा उजेड कसा येतो, हा प्रश्न तेव्हापासून पुरता सुटलेला नाही. या गॅमा किरणांची ऊर्जा किती? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या तुलनेत एक टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचे एक माप) गॅमा किरण सुमारे ५०,००० कोटी पट ऊर्जेचा असतो. सप्तर्षीच्या बाजूला मार्केरियन ४२१ नावाचा ब्लेझार आहे. आपल्या आकाशगंगेबाहेरून इतक्या ऊर्जेचे किरण येतात हे पहिल्यांदा १९९२ मध्ये त्याच्यामुळे कळले.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात आदळून ते कणांचा वर्षाव घडवतात आणि त्या कणांमुळे निळसर उजेडाची एक क्षणिक झलक उमटते. तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ती काही अब्जांश सेकंदच टिकते. ती टिपायला लडाखात हानले येथे ४,००० मीटरहून जास्त उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने २१ मीटर व्यासाची मेस ही दुर्बीण उभारली आहे. २०२४ च्या ४ ऑक्टोबरला तिचे उद्घाटन झाले. आमच्या गावात तेव्हा नवरात्र सुरू होते. त्याआधी अबूच्या डोंगरावरच्या टॅक्टिक या दुर्बिणीने मार्केरियन ४२१ वर वर्षानुवर्षे नजर ठेवलेली आहे. अवकाशातून फर्मी हा उपग्रह २००८ पासून दर तीन तासांनी सगळे आकाश चाळून काढतो आणि कुणी भडकला की जगभर कळवतो.

इथे कुणीही विचारील की इतकी मोठी साधने असताना तुमच्या आठ इंची दुर्बिणीची काय मातब्बरी? ग्रामसभेत मला हे विचारलेही गेले. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर मला तिथे नीट देता आले नाही. म्हणून इथे देतो.

झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना आपल्याला दिसणारा प्रकाश देतात. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना टोला मारून त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत नेतात, असे बहुतेक वेळा मानले जाते. ते खरे असेल तर गॅमा किरणांचा भडका आणि साध्या उजेडाचा भडका यांचे काही नाते दिसायला हवे. एकाच वेळी आले का? एक आधी, दुसरा मागून? २००२ मध्ये १ईएस १९५९+६५० या ब्लेझारने गॅमा किरणांत मोठा भडका दिला, पण त्याच वेळी क्ष-किरणांत किंवा दृश्य प्रकाशात तसे काहीच झाले नाही. शास्त्रज्ञांनी त्याला अनाथ भडका म्हटले. त्या एका भडक्याने साधी-सरळ गणिते अडली. आता विचार करा, तो अनाथ होता हे कुणाला कसे कळले? दृश्य प्रकाशात त्या दिवसांत कुणीतरी पाहत होते आणि "काही बदल नाही" असे लिहून ठेवत होते, म्हणून कळले.

मुलांना मी नोंदवहीचा पहिला नियम हाच शिकवला आहे. "दिसले नाही" आणि "पाहिले नाही" या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली विज्ञानाच्या कामाची, दुसरी कुणाच्याच कामाची नाही.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. २०२० मध्ये बीएल लॅसर्टी भडकला, तेव्हा जगभरच्या दुर्बिणींनी एकमेकींच्या हातात हात दिल्यासारखे त्याच्यावर लक्ष ठेवले. १९९७ पासून अशी एक जागतिक साखळीच आहे. पूर्वेकडे उजाडले की पश्चिमेकडची दुर्बीण काम हाती घेते. हौशी निरीक्षकही तिच्यात असतात. त्या निरीक्षणांतून स्वेतलाना योर्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की झोताचा उजेड सुमारे १३ तासांच्या तालाने वरखाली होत होता आणि गॅमा किरणांतही तोच ताल होता. २०२२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. झोताभोवती चुंबकीय क्षेत्र सुंभासारखे पिळलेले असते, त्या पिळात एक मुरड पडली आणि ती पुढे सरकताना हा ताल उमटला, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

१३ तास! ऑक्टोबरात आमच्या सड्यावरून बीएल लॅसर्टी कामापुरता वर असतो तो फार तर सात तास. हानलेहून, नैनितालहून, स्पेनहून, अमेरिकेहून, कुठूनही पाहिले तरी एका जागेची रात्र या तालाच्या एका आवर्तनालाही पुरत नाही. ज्याची नुसती लय समजायला पृथ्वीच्या निम्म्या घेरावरच्या लोकांनी जागे राहावे लागते, अशी ही वस्तू आहे. त्या साखळीत जपान आणि युरोप यांच्या मध्ये आपण येतो, सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर. हानले आणि नैनितालच्या दुर्बिणी आमच्याहून कितीतरी समर्थ आहेत, पण त्यांच्या रात्री अनेक कामांत वाटलेल्या असतात आणि ढग त्यांनाही चुकत नाहीत. आमच्या लहान दुर्बिणीला एकच काम आहे. ती दररोज तेच पाहू शकते. गोव्याचे आकाश उत्तम आहे असा माझा दावा नाही. जून ते सप्टेंबर आम्ही बंदच असतो, पुढेही समुद्राकडून येणारी वाफ असते. पण ऑक्टोबर ते डिसेंबर, बीएल लॅसर्टीचा नेमका हंगाम, आमच्या हातात असतो.

आता त्या रात्रीची गोष्ट.

२०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बीएल लॅसर्टी पुन्हा उसळला. शांत असताना तो आमच्या दुर्बिणीतून जेमतेम जाणवतो, कित्येक रात्री जाणवतही नाही. त्या आठवड्यात मात्र आम्ही देवळातला मखरोत्सव आटोपून, कीर्तन ऐकून, साडेनवाला सड्यावर पोचलो आणि पहिल्याच नजरेत तो सापडला. त्याच्या शेजारी काही तारे आहेत, त्यांची तेजस्विता ठरलेली आहे. त्यांच्याशी ताडून याचे तेज ठरवायचे. त्यांतल्या बी या ताऱ्याच्या बरोबरीने तो दिसत होता. नववीतल्या एका मुलीने अर्धा तास डोळा हलवला नाही. शेवटी म्हणाली, "सर, हा आता बीपेक्षा किंचित जास्त आहे." मी पाहिले तर मलाही तसेच वाटले. दोघांनी एकमेकांना न सांगता आकडे लिहिले आणि ते जुळले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असा तास मिळाला नव्हता.

दुसऱ्या रात्री ढगांतून वाट काढत चार नोंदी झाल्या. तिसऱ्या रात्री आम्ही चढण चढून वर आलो तर सडा पांढराफटक. मैदानाच्या कडेला उंच खांब, त्यावर गोल बसवलेले फ्लडलाइट, सगळे आडवे रोखलेले. खाली मैदानात कुणीही नव्हते. आम्ही दुर्बीण काजूच्या झाडांमागे नेली, तर उत्तरेचे आकाशच फांद्यांत गेले. परत उघड्यावर आलो. मी डोक्यावर कांबळे ओढून नेत्रिकेला डोळा लावला. तो ठिपका अधूनमधून चमके, पण शेजारचे तारे आणि तो यांतला फरक कळेना. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि कांबळ्याच्या फटीतून दिव्याची एक तिरीप आली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कॅमेऱ्याने फोटो घेतले ते करड्या धुक्यासारखे आले. आठवीतला मुलगा म्हणाला, "सर, तो आयज दिसना."

नोंदवहीत काय लिहायचे यावर मुलांत वाद झाला. एकाने "मंदावला" असे लिहायला घेतले होते. ते खोटे झाले असते. आम्ही लिहिले: "पाहता आले नाही. कारण दिवा." त्यानंतरच्या सगळ्या रात्रींसमोर तेच लिहिले आहे. त्याच दिवसांत गॅमा किरणांच्या दुर्बिणी त्याच्या भडक्याच्या बातम्या देत होत्या. जगाच्या साखळीत आमचा दुवा लहान, ते काम दुसऱ्या कुणी केलेही असेल. पण त्या मुलांना जे दोन रात्री हातात आले होते ते तिसऱ्या रात्री निसटले आणि त्यात ना ढगांचा दोष होता, ना दुर्बिणीचा.

सरपंचबाब, मी अंधाराचा भक्त नाही. रॉकेलच्या चिमणीखाली मी शिकलो आहे, गावात वीज आली तेव्हाचा आनंद मला आठवतो. वाडीवरच्या बायका रात्रपाळी करून बसमधून उतरतात तिथे दिवा हवाच. पायवाटेवर साप असतो, रस्त्यावर गवे येतात, त्याला उजेड हवा. मी फक्त एवढे म्हणतो की उजेड रस्त्यावर पडावा. आडवा रोखलेला दिवा रस्ता कमी आणि डोळे जास्त उजळतो. रात्री स्कूटर चालवताना समोरच्या झगझगाटामागे उभे असलेले जनावर दिसत नाही, हा अनुभव आपल्यातल्या प्रत्येकाला असेल. वर टोपी असलेला, तोंड खाली असलेला दिवा कमी वॅटमध्ये तोच रस्ता चांगला दाखवतो आणि वीजबिलही वाचते. रंगाचेही तसेच. पांढऱ्या-निळसर एलईडीचा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, ज्या कारणाने दिवसा आकाश निळे दिसते त्याच कारणाने. पिवळसर एलईडी, ३,००० केल्व्हिन किंवा त्याखालचा, त्याच किमतीच्या आसपास बाजारात मिळतो.

हे आपल्या देशात झालेले आहे. हानलेच्या परिसरात २०२२ मध्ये अंधारे आकाश राखीव क्षेत्र जाहीर झाले. तिथल्या घरांनी खिडक्यांना पडदे लावले, दिव्यांना झाकणे बसवली आणि गावातली तरुण मुले-मुली आज पाहुण्यांना आकाश दाखवून चार पैसे मिळवतात. शेजारच्या महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड असलेले केले. आणि आपल्याच गोव्यात, मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या पिलांसाठी किनाऱ्यावरचे दिवे आवरायचे असतात हे लहान मुलालाही ठाऊक आहे. अंड्यातून निघालेले पिलू उजेडाच्या दिशेने धावते. समुद्राऐवजी शॅकच्या दिव्याकडे गेले तर मरते. पेडणे आणि काणकोणच्या लोकांनी हे मान्य केले. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या डोंगराळ गावांना हे अवघड का जावे? म्हादईच्या अभयारण्यातले काजवेही अंधारावरच जगतात. पावसाच्या तोंडावर एखादे झाड अख्खे लुकलुकताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी आणखी काय सांगू?

उत्सवाच्या दिव्यांना माझा विरोध आहे असा कुणी समज करून घेऊ नये. दिवजोत्सवाला बायका डोक्यावर दिवजां घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात तेव्हा मी आकाश विसरतो. नरकासुराच्या रात्री गाव जागा असतो, असावाच. त्या रात्री संपतात. वर्षाचे ३६५ दिवस रिकाम्या मैदानावर पहाटेपर्यंत जळणारा दिवा कुणासाठी आहे, एवढे मात्र विचारा.

आता मागणे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतले हायमास्ट मोजावेत आणि त्यांतले कुठले मध्यरात्रीनंतर कुणाच्या कामी येतात ते लिहून काढावे. जिथे वस्ती नाही, चौक नाही, बसथांबा नाही, तिथले रात्री अकरानंतर मालवावेत. त्याला टायमर पुरतो. मैदानात सामना असेल त्या रात्री तो पुढे ढकलता येईल. नवीन दिवा मागताना मागणीपत्रातच "खाली तोंड, वर झाकण, पिवळसर उजेड" एवढे शब्द घालावेत, म्हणजे नंतर बदलायचा खर्च नाही. आणि तिसरे, ज्याची मला सगळ्यांत जास्त आस आहे: एखादा ब्लेझार भडकल्याची बातमी आली आणि शाळेने कळवले, तर तीन-चार रात्रींपुरता सड्यावरचा दिवा साडेआठपासूनच बंद ठेवण्याची मुभा मुख्याध्यापकांना द्यावी. वर्षातून अशा वेळा फार येणार नाहीत. जेव्हा येतील तेव्हा अर्ज, सही, शिक्का होईपर्यंत भडका थांबत नाही. म्हणून आधीच ठराव हवा.

पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी या संस्थेने लोकांसाठी वेधशाळा चालवली. पर्सिव्हल नोरोन्हा यांच्यासारख्या माणसांनी ती चळवळ गोव्यात रुजवली. शहराच्या मध्यावर, इतक्या उजेडात, ती माणसे लोकांना चंद्र आणि ग्रह दाखवत आली. गावांकडे अजून अंधार शिल्लक आहे. तिथे एक-एक लहान दुर्बीण आणि एक-एक नोंदवही असलेल्या दहा शाळा उभ्या राहिल्या, तर ढगांनी एकीला अडवले तरी दुसरी पाहील. फेब्रुवारी ते मे हे महिने मार्केरियन ४२१ चे. त्यानंतर पाऊस आणि मग पुन्हा बीएल लॅसर्टी. मुलांनी वर्षाचे वेळापत्रक असे मांडून शाळेच्या भिंतीवर लावले आहे. त्यात पावसाळ्याच्या रकान्यात एकीने काजवा काढला आहे.

माझ्या नोंदींवर विश्वास ठेवून ठराव करा असे मी म्हणत नाही. येऊन पाहा. दसरा झाला की सड्यावरचे गवत सुकते आणि वाट चालण्याजोगी होते. त्यानंतरच्या अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही संध्याकाळी साडेसातला देवळाच्या राजांगणात जमतो आणि तिथून वर जातो. कुठल्याही पंचायतीच्या पंचाने, वीज खात्याच्या कुठल्याही अभियंत्याने यावे. आपल्या गावच्या शाळेत चौकशी केलीत तर निरोप माझ्यापर्यंत पोचतो. उंच खांबाचा दिवा त्या दिवशी तासभर बंद ठेवता आला तर उत्तम, नाहीच आला तरी या. दोन्ही स्थितींत दुर्बिणीतून काय दिसते ते मुले तुम्हाला दाखवतील. पायांत बूट असावेत, सड्यावर विंचू असतात. बॅटरी आणलीत तर तिच्या काचेवर लाल कागद बांधावा लागेल. तो आमच्याकडे आहे.

आपला,
सत्तरीतला एक निवृत्त विज्ञानशिक्षक